रोजच्या वापराला एकच झूम

प्रश्न : बाबांचा निकॉन एफएम१० हा फिल्मचा कॅमेरा आता माझ्याकडे आला आहे. त्यावरची ३५-७० मिमीची झूम लेन्स वर्षानुवर्षं कपाटात राहिली आणि आतून पांढरी जाळी धरल्यासारखी झाली. मला रोज पिशवीत ठेवता येईल अशी एकच झूम हवी आहे. मी आठवडी बाजार, घरातली माणसं, आजी, गणपतीतली आरती, कधी गडावर गेले तर तिथलं, असं सगळंच काढते. दुकानदार म्हणतात, २८-२०० घे, सगळं एकात येतं. दादाच्या डिजिटल निकॉनची १८-५५ घरात पडून आहे आणि ती माझ्या कॅमेऱ्यावर बसतेसुद्धा. मग नवीन कशाला घ्यायची?
(एक विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : बसते हे खरं. निकॉनचं एफ माउंट, म्हणजे लेन्स बसते ती कडी, १९५९ सालापासून तेच आहे, त्यामुळे दादाची लेन्स खटकन बसणारच. पण तिच्यातून फोटो येणार नाहीत. एक तर ती लहान सेन्सरसाठी केलेली लेन्स आहे. तो सेन्सर साधारण २४ बाय १६ मिलिमीटरचा आणि आपली फिल्मची फ्रेम ३६ बाय २४ची. कोपरे काळे येतील. दुसरं कारण जास्त वाईट आहे, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. त्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंगच नाही, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक हाताने लहानमोठं करता येत नाही. तू बटण दाबलंस की कॅमेरा लेन्सची खिट्टी पूर्ण सोडून देतो आणि आतल्या पात्या एफ २२ किंवा त्याहून बारीक मिटतात (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान). व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं लख्ख दिसत राहतं, उजेड मोजणाऱ्या मीटरलाही काही कळत नाही आणि रोल धुवून आला की निगेटिव्ह जवळजवळ कोरी. दादाची लेन्स दादाला परत दे.

आता २८-२००. हे आकडे मिलिमीटरचे, लहान आकड्याला रुंद दृश्य मावतं, मोठ्याला लांबचं जवळ येतं. दुकानदार खोटं बोलत नाहीत, सगळं एकात येतं. फक्त कुठल्या उजेडात येतं ते त्यांनी सांगितलं नाही. लेन्सच्या पुढच्या कडेवर बारीक अक्षरात १:३.५-५.६ किंवा १:३.५-४.५ असं काहीतरी छापलेलं असतं. गिऱ्हाईक पहिला आकडा वाचतं, तू दुसरा वाच. झूम लांब केल्यावर लेन्सचं तोंड जास्तीत जास्त किती उघडतं, ते हा दुसरा आकडा सांगतो.

डिजिटलवाल्यांना त्याचं एवढं पडलेलं नसतं. अंधारून आलं की ते आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याचा वेग, ३२०० करतात आणि पुढचा फोटो काढतात. आपण एकदा ४००चा रोल घातला की छत्तीसच्या छत्तीस फोटोंना तोच वेग. तुमच्या घरातली संध्याकाळची, ट्यूबलाइट लावलेली खोली धर. ४००च्या फिल्मवर एफ ४ला तिथे ढोबळ मानाने शटरला १/१५ सेकंद येतात, एफ ५.६ला १/८. हातात धरून काढायचं तर ५० मिमीला निदान १/६० हवेत, १०५ला १/१२५, २००ला १/२५०. आता त्या २८-२००चं दोनशेचं टोक घेऊन आरतीला उभी राहा बरं. टाळ्या वाजवणारे हात सोड, आजीची मान तरी १/८ सेकंद स्थिर राहील का?

शिवाय फोकसचा घोळ आहे. एफएम१०च्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध दुभंगलेली गोल चकती आहे, तिच्या दोन्ही अर्ध्यांतली रेघ जुळवून आपण फोकस करतो. एफ ५.६ला पोचलेली लेन्स असली की या चकतीचा एक अर्धा भाग काळा पडायला लागतो. डोळा जरा इकडे केला की हा अर्धा काळा, तिकडे केला की तो. चाळीशी लागलेल्यांचे तर हालच.

आमच्या रत्नागिरीच्या स्टुडिओत लग्नाच्या सीझनला कॅमेऱ्यावर ३५-७०च असायची. लांब झूम मामंजी मांडवात आणू द्यायचे नाहीत. तेवढ्या लांब आपला फ्लॅश पोचत नाही, म्हणायचे, आणि ते बरोबरच होतं.

म्हणून माझा सल्ला असा की आधी बाबांची ३५-७० कुणा जाणत्या मेकॅनिकला दाखव. ती एफ ३.५-४.८ची साधी लेन्स आहे, प्लॅस्टिकची आहे, लोक तिला नाकं मुरडतात. एफ ८ला ती काय वाईट येते ते मला कुणीतरी दाखवावं. जाळी जर पुढच्या किंवा मागच्या बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला असेल तर साफ होते. मधल्या गटात शिरली असेल, किंवा पुसल्यावरही काचेवर खरवडल्यासारखी नक्षी राहत असेल, तर फंगसने, म्हणजे बुरशीने, काचेवरचं कोटिंग खाल्लं असं समज आणि पैसे घालू नकोस. घरी मात्र उघडू नकोस. झूमच्या आत सरकणारे गट असतात, त्यांचे आटे एका खुणेवर उघडतात आणि त्याच खुणेवर परत चढवावे लागतात. खूण चुकली की एका टोकाला फोकस येतो, दुसऱ्या टोकाला नाही.

ती गेलेलीच असेल तर निकॉनची एएफ २८-१०५ एफ ३.५-४.५ डी बघ. ऑटोफोकसच्या काळातली लेन्स आहे, तुझ्या कॅमेऱ्यावर ती हातानेच फिरवावी लागेल, पण अ‍ॅपर्चरची रिंग आहे, मीटर व्यवस्थित चालतं, आणि लांब टोकाला ती ४.५वर थांबते. एफ २२जवळ एक छोटं कुलूप असतं ते उघडायचं, नाहीतर रिंग फिरत नाही आणि लोक लेन्स जाम आहे म्हणून परत देतात. मला ती आवडते ती २८च्या टोकासाठी. आपल्या घरांत मखरासमोर माणसं बसली की मागे सरायला जागाच नसते. ३५ला आडवा कोन सुमारे ५४ अंशांचा मिळतो, २८ला ६५चा. हे अकरा अंश म्हणजे कडेला बसलेली काकू. लांब टोक कमी पडलं तर दोन पावलं पुढे जाता येतं, पण पाठ भिंतीला टेकल्यावर मागे कुठे जाणार? याच लेन्सला मॅक्रोची, म्हणजे अगदी जवळून काढायची, कळही आहे. ५० ते १०५च्या मध्ये झूम ठेवून ती ओढली की वस्तू फिल्मवर निम्म्या आकाराची येते. आजीच्या हातातली वात वळताना काढ, मग मला पत्र लिही.

दोन तक्रारी सांगून ठेवते. तिची फोकसची रिंग फार हलकी फिरते, बोटाला जुन्या लेन्सचं ते जडपण लागत नाही. आणि वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुझ्या बॉडीपेक्षा थोडं जास्तच. कॅमेरा पट्ट्यावर तोंड खाली घालून लोंबेल. डावा हात लेन्सच्या खालून धरायची सवय लाव, वरून चिमटीत नाही.

पूर्ण हातानेच फिरवायची लेन्स हवी असेल तर निकॉनच्याच एआय-एस मालिकेची ३५-१०५ आहे, तीही ३.५-४.५ची. बांधणी झकास, ५२ मिमीचे फिल्टर लागतात, म्हणजे बाबांच्या लेन्सवरचाच चालेल. पण मॅक्रोची सोय वापरली नाही तर ती दीड मीटरच्या आसपासच थांबते. ताटापलीकडे बसलेल्या माणसाला ते फार लांब पडतं. एएफ ३५-७० एफ २.८ कुणी स्वस्तात देऊ केली तर हुरळून जाऊ नकोस. लेन्स उत्तमच, पण तिच्या मागच्या गटात धुरकटपणा धरतो ही तिची जुनी खोड आहे, आणि आपल्या कोकणच्या हवेत मी ती कुणालाच घे म्हणणार नाही.

एक शेवटचं, तू विचारलं नाहीस तरी. झूम घेऊन पैसे उरले तर साधी, झूम नसलेली ५० एफ १.८ घेऊन ठेव. मघाच्या त्याच खोलीत एफ २ला १/६० मिळतात. गणपतीचे पाच दिवस ती लाव आणि झूम पिशवीत राहू दे.

प्रश्न : जुनी झूम घेण्यासाठी मुंबईला बोरा बाजारात जायचा विचार आहे. दुकानात उभ्या उभ्या काय तपासावं? आणि आणल्यावर फंगस लागू नये म्हणून काय करता?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : सकाळी जा, दुकानात गर्दी नसताना. सोबत स्वतःचा कॅमेरा न्या, रोल न घातलेला, आणि एक छोटी बॅटरी, म्हणजे टॉर्च.

आधी लेन्स हातात घेऊन तोंड खाली करा. झूमची नळी आपोआप घसरत खाली आली तर आतली पकड ढिली झालीय. पुढेमागे ढकलायच्या झूमना हे होतंच, म्हणून त्यावरून लेन्स नाकारू नका, भाव मात्र करा. फोकस हळू फिरवून बघा. मध्येच कचकच लागली तर वाळू, एकदम सैल पडली तर ग्रीस सुटलंय.

मग मागच्या बाजूची छोटी खिट्टी. निकॉनवर अ‍ॅपर्चर २२वर ठेवून ती बोटाने दाबून सोडा. पात्या चटकन मिटल्या पाहिजेत. आळसावल्यासारख्या मिटल्या किंवा त्यांच्यावर तेलाचा ओला डाग दिसला, तर ब्लेडला तेल आलंय. अशा लेन्सने फोटो जास्त उजळ येतात, कारण शटर उघडतं तेव्हा पात्या अजून वाटेतच असतात. उन्हाळ्यात आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं, म्हणून उन्हातल्या बंद गाडीत लेन्स ठेवू नये.

आता बॅटरी. समोरून नव्हे, मागून तिरपी मारा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण दिसतील, ते प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, त्यांनी काही बिघडत नाही. दुकानदार मोठ्या मनाने त्यांच्यासाठी पन्नास रुपये कमी करेल, घ्या. बघायचं ते कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेत का, पूर्ण काचेवर दुधाळ पडदा आहे का, आणि कडेला इंद्रधनुष्याच्या रंगांची चकती दिसते का. हे तिसरं म्हणजे दोन काचा चिकटवलेला थर सुटलाय, ते कुणी दुरुस्त करून देत नाही. मागच्या माउंटच्या स्क्रूंची डोकी सोललेली असली तर लेन्स आधी कुणीतरी उघडलीय. ते वाईटच असं नाही, पण विचारा.

यानंतर लेन्स कॅमेऱ्याला लावून दुकानाबाहेर या. हे दहापैकी नऊ जण करत नाहीत. सीएसएमटीच्या मोठ्या घुमटावर जो पुतळा आहे तो मोकळा दिसेल अशा ठिकाणी उभे राहा. लांब टोकाला त्याच्यावर फोकस करा, मग फोकस न हलवता झूम रुंद करा. काही झूमचा फोकस तिथेच टिकतो, काहींचा सुटतो. सुटला तरी चालेल, मात्र रुंद टोकालाही फोकस अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या, खुणेपर्यंत जाऊन लांबचं स्पष्ट दिसायला हवं. दिसलं नाही तर आतले गट चुकीचे चढवलेत. शेवटी कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून शटर बी वर ठेवा, बटण दाबून धरा (धरलंय तोवर शटर उघडं राहतं) आणि फिल्म जिथे असते तिथून लेन्समधून आकाशाकडे बघा, सूर्याकडे नाही. पडदा असेल तर इथे लपत नाही.

फंगसबद्दल. एका लेन्सचा फंगस शेजारच्या लेन्सला लागतो म्हणून लोक घाबरवतात. त्याची बीजं तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या हवेत आहेतच, त्यांना फक्त ओल हवी असते. साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर दमटपणा टिकला की ती रुजतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत डोंबिवलीत तो सहज त्याच्या वर असतो. आमच्याकडे घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल, आणि दमटपणा मोजायला एक स्वस्त हायग्रोमीटर, एवढंच. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवायचा. निळी सिलिका गुलाबी झाली की ओली झाली. कढईत मंद आचेवर परतून घेतली की परत निळी होते, पण त्या कढईत पुन्हा स्वयंपाक करू नका, तो निळा रंग पोटात जाण्याचा नाही. चामड्याच्या केसमध्ये लेन्स मुळीच ठेवायची नाही, चामडं ओल धरून ठेवतं. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. डबा परवडत नसेल तर कॅमेरा उघड्यावर, वारा लागेल अशा फळीवर ठेवा आणि दर आठवड्याला झूम दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली ठेवलेला कॅमेराच सगळ्यात आधी जातो.

प्रश्न : आमचे सर म्हणायचे की झूम म्हणजे आळशी माणसाची लेन्स, तीक्ष्णपणा येतच नाही. तुम्ही प्रत्येक वेळी झूम घ्यायला कशाला सांगता?
(एक निवृत्त शिक्षक, पुणे)

उत्तर : तुमचे सर ज्या काळात शिकले त्या काळापुरतं त्यांचं बरोबर होतं. स्थिर फोटोच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी विकायला आलेली पहिली झूम म्हणजे १९५९ सालची फोगटलेंडर कंपनीची झूमार, ३६-८२ एफ २.८. चांगलं वजनदार प्रकरण होतं ते. मग निकॉनने १९६३ साली ४३-८६ एफ ३.५ आणली. ती छोटी होती, परवडणारी होती, म्हणून खूप खपली, आणि झूमचं नाव बद्दू करण्यात तिचा वाटा मोठा. सरळ भिंती एका टोकाला फुगायच्या, दुसऱ्या टोकाला आत ओढल्या जायच्या. नंतरच्या आवृत्तीत ती सुधारली, तरी जुन्या बाजारात पहिल्या आवृत्तीच्या लेन्स अजून फिरतात. इमारती काढणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. प्रकाशासमोर धरल्यावर ती जे धुरकट वलय देते त्यावर हल्लीची मुलं खूश असतात, ते मला समजत नाही, पण त्यांचा रोल, त्यांचे पैसे.

पुढे हिशेब संगणकावर व्हायला लागले, काचेवर अनेक थरांची कोटिंग चढली आणि गोष्ट बदलली. मिनोल्टाची ३५-७० एफ ३.५ इतकी जमून आली की लायका या नावाजलेल्या जर्मन कंपनीने आपल्या आर मालिकेच्या कॅमेऱ्यांसाठी तिच्याच घडणीवर आपली व्हारिओ-एल्मार काढली. लायकावाले आळशी होते असं सर म्हणाले नसते.

रोजच्या पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटमध्ये चांगली झूम आणि चांगली ५० यांतला फरक एफ ८ला तुम्ही ओळखून दाखवा. फरक पडतो तो उजेड कमी झाला की, आणि तो तीक्ष्णपणाचा नसतो, हात हलण्याचा असतो.

प्रश्न : माझ्याकडे पेंटॅक्स के१००० आहे. मित्र त्याच्या पेंटॅक्स डिजिटलची झूम देतो म्हणतो. घेऊ का?
(एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : तिच्यावर अ‍ॅपर्चरची रिंग आहे का बघ. डीए आणि एफएजे मालिकांच्या लेन्सवर नसते, त्या घेऊ नकोस. के१००० हा १९७६ ते १९९७ असा वीस वर्षांवर चाललेला कॅमेरा, त्यामुळे के माउंटच्या जुन्या झूम मुबलक आहेत. एम, ए, एफ, एफए यांपैकी कुठल्याही मालिकेची रिंगवाली चालेल. ए मालिकेच्या लेन्सवर ए अशी हिरवी खूण असते, तिच्यावर रिंग ठेवू नकोस, आकड्यावरच ठेव. ए ३५-१०५ एफ ३.५ मिळाली तर डोळे मिटून घे. पूर्ण झूमभर एफ ३.५च राहते, म्हणजे वर चिपळूणच्या मुलीला सांगितलेली दुसऱ्या आकड्याची भानगडच नाही. जड आहे आणि ६७ मिमीचे फिल्टर लागतात, ते सोसावं लागेल. नागपूरच्या उन्हात २००चा रोल घातलास तर एफ १६ला १/२५० येतात, तिथे कुठलीही झूम चालते. तुझी परीक्षा लग्नाच्या हॉलमध्ये आहे.

प्रश्न : कॅनन एई-१साठी ऑनलाइन एक ईएफ २८-८० झूम फार स्वस्त दिसते आहे. विकणारा म्हणतो कॅननची लेन्स कॅननला चालतेच.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही चालत. कॅननने १९८७ साली माउंट पूर्ण बदललं, ईएफ हे ते नवं माउंट. एई-१ १९७६चा, त्याला एफडी लेन्स लागते, आणि ईएफ त्यावर बसतच नाही. अ‍ॅडॅप्टरच्या नादाला लागू नका. ईएफ लेन्सच्या पात्या विजेवर चालतात आणि ती वीज द्यायला एई-१च्या माउंटवर विजेचे संपर्कबिंदूच नाहीत. एफडी ३५-१०५ एफ ३.५ शोधा, किंवा हलकी हवी असेल तर एफडी ३५-७०, आणि रिंग हिरव्या ए वर नीट जाऊन बसते ना ते घेण्याआधी बघा. ती तिथे बसली नाही तर एई-१चं भोक आपोआप ठरवणारं ऑटो चालणार नाही. विकणाऱ्याकडून लेन्सच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि तो आला नाही तर पैसे पाठवू नका.